आपत्तिपूर्व तयारीत दुर्बल घटकांचा सहभाग

पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड यांसाठी गाव किंवा वस्ती आधीपासून जी तयारी करते, तिच्या आखणीत, इशारा देण्यात आणि रंगीत तालमीत स्त्रिया, वृद्ध, दिव्यांग, आजारी माणसे, मुले व स्थलांतरित मजूर यांना सामील करून घेण्याची पद्धत. सरकारी मराठीत या सगळ्यांना मिळून ‘दुर्बल घटक’ म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. घरातली धडधाकट सूनसुद्धा कडेवरचे तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेला सासरा यांच्यापायी पुराच्या रात्री अडकते.

यादी करणे म्हणजे सहभाग नव्हे. कोणाला मदत लागेल याची यादी गावातले कर्मचारी दोन दिवसांत करू शकतात. इशारा ऐकूनही माणूस घर का सोडत नाही, हे मात्र त्याचे त्यालाच विचारावे लागते.

याचे ठळक उदाहरण बांगलादेशाचे. नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यानंतर सरकार आणि रेड क्रॉस यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला: गावचेच स्वयंसेवक, हातात मेगाफोन, हाताने फिरवायचा भोंगा, आणि धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे. (बहिऱ्याला झेंडा दिसतो, आंधळ्याला भोंगा ऐकू येतो.) तरीही 29 एप्रिल 1991 च्या वादळात सुमारे 1 लाख 38 हजार बळी गेले. 20 ते 44 वयोगटात मृत्यूचे प्रमाण पुरुषांत हजारी 15, तर स्त्रियांत हजारी 71 असे सांगितले जाते. इशारा पोचला होता, पण बराचसा बाजारात, पुरुषांमध्ये. घरी बाई नवऱ्याची वाट पाहत थांबली. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, वेगळे शौचालय नाही, म्हणून तिचा पाय निघाला नाही. जी निघाली तिच्या पायांत पाण्याने जड झालेली साडी अडकली. पुढे स्त्री स्वयंसेवक वाढवण्यात आल्या. आज साधारण 76 हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. दाराशी बाई आली की घरातली बाई मनातली अडचण बोलते, एवढे साधे त्यामागचे कारण. किनाऱ्यावर काही ठिकाणी गुरांसाठी मातीचे उंच ओटेही घातले गेले, कारण गाय सोडून जायला लोक तयार नसत.

गुरांची ही गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली, आंबेवाडीची कुटुंबे पाणी चढू लागले की जनावरांसह सोनतळीकडे हलतात. दावणीला म्हैस बांधलेली असेपर्यंत म्हातारा काही उठत नाही. आधी म्हैस हलवा, मागोमाग तोही येतो. आराखड्यात माणसांचे रकाने असतात. चाऱ्याचा रकाना कोणी तरी आठवणीने घालावा लागतो.

जपानमध्ये 2011 च्या भूकंप-त्सुनामीत मृतांपैकी निम्म्याहून अधिक 60 वर्षांवरचे होते. त्यानंतर 2013 मध्ये मदत लागणाऱ्यांची यादी ठेवणे स्थानिक प्रशासनांना बंधनकारक झाले. 2021 च्या दुरुस्तीने त्यापुढे जाऊन प्रत्येकाचा स्वतंत्र स्थलांतर-आराखडा करण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. तो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय होत नाही, आणि त्यात कोण न्यायला येणार व कुठे जायचे, हे लिहिलेले असते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे. नोंदीचे पुढे काय होते, ते तालमीत कळते. आपल्याकडे निवारा केंद्र म्हणजे बहुतेक वेळा गावची शाळा. तिच्या दाराशी असलेल्या तीन पायऱ्या चालत्या माणसाला दिसतच नाहीत. तालमीला व्हीलचेअरवरचा माणूस असेल तर पहिल्याच मिनिटाला दिसतात, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिथे उतार बांधायला वेळही मिळतो.