हप्ता अडकला असेल तर आधी हे वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पीएम किसानचा हप्ता पडला की दुसऱ्या दिवशी आमच्या सेवा केंद्रासमोर रांग लागते आणि प्रश्न एकच असतो: "शेजाऱ्याचे आले, माझे का नाही?" पीएम किसान या केंद्राच्या योजनेचे वर्षाला 6,000 रुपये, 2,000 च्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तेवढेच. नमोची यादी पीएम किसानवरूनच घेतात, त्यामुळे तिकडे नाव अडकले की वर्षाच्या 12,000 रुपयांवर पाणी पडते.

अर्ज नामंजूर झाला असे समजून बरेच जण गप्प बसतात. तसे बहुतेक वेळा नसते. नोंदणी क्रमांक टाकून स्टेटस पाहिले की ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणे) आणि आधार-बँक सीडिंग (बँक खात्याला आधार जोडणे) या तीन गोष्टी दिसतात. एकीपुढे जरी 'नो' असले, तरी हप्ता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. पैसे तुम्ही हातात आणलेल्या पासबुकावर जमा होतील असे नाही; डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार ज्या खात्याला जोडलेले आहे, तिथेच ते जातात. आमच्याकडे एक आजी तीनदा पासबुक भरून घेऊन आल्या, शिल्लक तेवढीच. आधार तपासले तर जोडणी दुसऱ्याच बँकेत निघाली. गॅसच्या सबसिडीसाठी मुलाने कधीतरी काढून दिलेले खाते, आजींच्या लक्षातही नव्हते. चार हप्ते तिथे पडून होते. बँकेत जाल तेव्हा नुसते "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी सीडिंग करा" असे सांगून फॉर्म द्या आणि पोच घ्या. हे काम बँकेतच होते, आमच्याकडे नाही.

ई-केवायसीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा असेल, तर त्याची सुट्टी बघून या. अंगठ्यानेही होते, पण खुरपून, काढणी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन ठसा घेत नाही. मावशी, यात तुमची काही चूक नाही. पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही केवायसी होते, आम्ही करून देऊ.

लँड सीडिंग 'नो' असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तहसील किंवा तालुका कृषी कार्यालय गाठावे लागते. योजना 1 फेब्रुवारी 2019 ची जमीननोंद धरते. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, पण खातेदार वारल्यावर वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. म्हणून वारसनोंद रखडवू नका. नवरा-बायको दोघांच्या नावे जमीन असली, तरी लाभ एकालाच.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना सक्तीचा आहे. काढताना आपले सगळे गट नंबर जोडले का, ते स्वतः बघा.

एक स्पष्ट सांगतो. नवरा-बायकोपैकी कोणी आयकर भरत असेल किंवा महिन्याला 10,000 रुपये व त्याहून जास्त पेन्शन घेत असेल, तर आम्ही अर्ज भरणार नाही (चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना पेन्शनची अट नाही). घेतलेले पैसे नंतर परत भरावे लागतात, आणि ती नोटीस हातात घेऊन आलेला माणूस आम्हाला बघवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान' नावाची एपीके (मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, खाते रिकामे होते. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका. शंका असेल तर सरकारी हेल्पलाइन 155261.

येताना आधार, सातबारा, आठ-अ, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा. मोबाइल चार्ज करून आणा. स्टेटस बघून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.