जुन्या इंजिनाला बोअर करणे आणि त्याची क्षमता वाढवणे

इंदूरमध्ये जुनी बुलेट, जावा किंवा येझदी जपणाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो: इंजिन उघडलेच आहे, तर या वेळी त्याची सीसी, म्हणजे क्षमता, थोडी वाढवून घ्यावी का? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन निरनिराळी कामे एकत्र झालेली असतात. झिजलेला सिलिंडर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) बोअर करून, म्हणजे आतून कोरून, त्यात ओव्हरसाइज, म्हणजे किंचित मोठ्या मापाचा, पिस्टन बसवणे हे एक काम, आणि कारखान्याच्या आराखड्यात नसलेला मोठा पिस्टन किंवा लांब स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) देऊन इंजिनाची क्षमता मुद्दाम वाढवणे हे दुसरे. दोन्हींसाठी सिलिंडर त्याच मशीनवर चढतो, दोन्हींत पिस्टन मोठा होतो आणि दोन्हींनंतर गाडी पूर्वीपेक्षा चांगली ओढते, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. तरीही पहिले काम दुरुस्तीचे आहे आणि दुसरे नवी रचना करण्याचे, आणि बहुतेक मालकांना खरी गरज पहिल्याचीच असते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन पुढच्या आणि मागच्या भिंतीवर रेटला जात असल्यामुळे छिद्र हळूहळू लंबगोल होते, आणि पिस्टनभोवतीची वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे उष्णता जास्त आणि तेल कमी असल्यामुळे झीज सर्वाधिक होते. अशा लंबगोल, वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या छिद्रात नव्या रिंगा टाकल्या तरी त्या भिंतीला नीट टेकत नाहीत. म्हणून छिद्र पुन्हा पूर्ण गोल करण्यापुरता धातू काढून त्या मापाचा पिस्टन बसवतात. हे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात, म्हणजे इंजिनाच्या आयुष्यात असे काम अनेकदा करावे लागणार हे निर्मात्याने आधीच गृहीत धरलेले असते. शेवटची पायरी संपली की सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह (आतले नळीसारखे अस्तर) ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते.

यात क्षमता किती वाढते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. जुन्या बुलेट ३५० चा बोअर, म्हणजे छिद्राचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, म्हणजे क्षमता ३४६ सीसी. पूर्ण एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घातला तर ती ३५६ होते, वाढ जेमतेम तीन टक्के. ६५ बाय ७५ मापाची २५० ची जावा-येझदी एवढ्याच ओव्हरसाइजला २४९ वरून सुमारे २५७ वर जाते. एवढा फरक चालवणाऱ्याला जाणवणे कठीण आहे.

मग बोअरिंगनंतर गाडी एकदम जोरकस का वाटते? कारण हरवलेला दाब परत आलेला असतो. झिजलेल्या इंजिनात पेटलेल्या मिश्रणाचा बराच भाग रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये निसटत असतो, आणि वर्षानुवर्षे तीच गाडी चालवणाऱ्याच्या हाताला त्या अशक्तपणाची सवय झालेली असते. नवा पिस्टन बसल्यावर गाडी तिच्या मूळ ताकदीवर येते. मालक मात्र त्याचे श्रेय वाढलेल्या सीसीला देतो आणि मनात म्हणतो, एक मिलिमीटरने एवढे झाले तर दहा मिलिमीटरने किती होईल! माझ्या मते क्षमता वाढवण्याचा निम्मा मोह याच गैरसमजातून जन्मतो.

आता दुसऱ्या कामाकडे वळू. बुलेट ५०० चा स्ट्रोकही ९० मिलिमीटरच आहे आणि बोअर ८४, हे कळल्यावर ३५० च्या मालकाला वाटते की १४ मिलिमीटरचाच काय तो प्रश्न आहे. प्रत्यक्षात पिस्टनचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून ७० चे ८४ केले की तेवढ्याच दाबाला पिस्टनवर येणारा जोर ४४ टक्क्यांनी वाढतो. तो जोर कनेक्टिंग रॉडमधून क्रँकपिनवर (रॉडचे खालचे टोक जिच्यावर फिरते ती पिन) येतो, आणि जुन्या बुलेटमध्ये तिथे रोलर बेअरिंग नसून फ्लोटिंग बुश, म्हणजे तेलाच्या थरावर मोकळी फिरणारी कडी, असते, जिचे आयुष्य सर्वस्वी तेलाच्या पुरवठ्यावर अवलंबून आहे. मोठा पिस्टन जडही असतो, त्यामुळे क्रँकचे संतुलन बिघडते आणि जी थरथर पूर्वी फक्त हँडलला जाणवत होती ती इंजिनाच्या बोल्टांपर्यंत पोहोचते. शिवाय हेडमधली पोकळी तेवढीच ठेवली आणि मूळ कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ६.५ धरला, तर नव्या क्षमतेला तो जवळपास ९ वर जातो. लोखंडी सिलिंडरच्या, हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला हा आकडा झेपत नाही. निमाडच्या मे महिन्यात, दोन माणसे बसवून, खलघाटहून मानपूरचा घाट चढताना तर मुळीच नाही.

कारखान्याने ५०० बनवताना नुसते छिद्र मोठे केले नव्हते. हेड वेगळे दिले आणि २४ मिलिमीटरच्या कार्ब्युरेटरऐवजी २८ चा बसवला. एवढे करूनही ३५० च्या १८ अश्वशक्तीच्या तुलनेत तिला २२ च मिळाल्या, कारण तो आराखडा वेगासाठी नव्हे, खालच्या आरपीएमला ओढण्यासाठी होता. २०१३ साली रॉयल एन्फिल्डनेच नव्या ५०० इंजिनाचा बोअर ८४ वरून ८७ करून कॉन्टिनेंटल जीटीचे ५३५ सीसीचे इंजिन तयार केले. तीन मिलिमीटरच्या त्या वाढीबरोबर गाडीला नवी फ्रेम आणि पुढे ब्रेम्बोचा डिस्क ब्रेक मिळाला होता. आपण मात्र ५०० चे बळ ३५० च्या ड्रम ब्रेकवर सोडायला निघतो.

स्ट्रोक वाढवण्याची वाट तर मला बुलेटपुरती बादच वाटते. ९० मिलिमीटरच्या स्ट्रोकला ५,५०० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो, आणि पन्नास वर्षांच्या ओतकामाकडून त्याहून अधिक मागणे योग्य नाही.

टू-स्ट्रोकमध्ये भानगड आणखी वेगळी आहे, कारण तिथे सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे मिश्रण आणि धूर ये-जा करण्याची छिद्रे, असतात. नुसते बोअर केले तरी पोर्टच्या कडा पुन्हा घासून बोथट कराव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते; आणि क्षमता वाढवायची तर पोर्टची उंची व रुंदी, क्रँककेसमधला दाब आणि सायलेन्सर यांचे सगळे गणित नव्याने मांडावे लागते. यामाहाच्या आरएक्स १०० चे माप ५० बाय ५० आणि आरएक्स १३५ चे ५८ बाय ५०, म्हणून मोठ्या भावाचा ब्लॉक लहानावर चढवण्याची टूम निघाली. पण तिथेही तो ब्लॉक, त्याचे पोर्ट आणि पिस्टन हे एकत्र आखून कारखान्यातूनच आलेले असतात. गल्लीतल्या ग्राइंडरने कोरलेले पोर्ट ही निराळी गोष्ट झाली.

कागदपत्रांचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. तो आधी करायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि क्षमता हा त्यातलाच एक तपशील आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सीसीवर ठरतो आणि त्यातली एक सीमारेषा ३५० वरच आहे. (गंमत अशी की अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टनने बुलेट हिशोबाने ३५१ होते, पण ती निर्मात्यानेच सांगितलेली दुरुस्ती आहे, रचनेतला बदल नव्हे.) १९६० च्या दशकातली मैसूरची जावा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर दुप्पट जपावे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, परंतु गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा, अशी त्याची अट आहे. सीसी वाढवून नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात विंटेजचा अर्ज घेऊन जाणे म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घेणे होय.

निर्णय मोजमापावरून घ्यावा, कानांवरून नव्हे. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावावा आणि आकडा कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. तेलाने आकडा वाढला तर दोष रिंगा किंवा सिलिंडरचा आहे. तसाच राहिला तर फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह तपासावेत. टू-स्ट्रोकमध्ये हा आकडा ठीक असूनही गाडी मंद असेल, तर क्रँकची ऑइल सील पाहावीत. मग सिलिंडर काढून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, बोअर गेजने माप घ्यावे. पिस्टन आधी आणावा आणि त्या पिस्टनच्या मापाला सिलिंडर बोअर करून होनिंग (भिंत बारीक घासून शेवटचे माप आणणे) करावे. आधी बोअर करून मग पिस्टन शोधू नये. पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फटही निर्मात्याने सांगितली आहे तेवढीच ठेवावी. ‘घट्ट ठेवले की जास्त टिकते’ हा काही कारागिरांचा आग्रह उन्हाळ्यात पिस्टन सीझ, म्हणजे जाम, करतो.

हे सगळे होऊन, पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवल्यावरही घाटात गाडी कमी पडते असे वाटले, तर आधी पुढचे स्प्रॉकेट एका दाताने लहान करून पाहावे. १७ ऐवजी १६ दातांचे घातले की कमाल वेग सुमारे सहा टक्क्यांनी घटतो आणि चढावरची ओढ त्याच प्रमाणात वाढते. खर्च किरकोळ आहे आणि जुने स्प्रॉकेट दुपारभरात परत बसवता येते. त्यानेही समाधान न झालेल्याने ५०० च शोधून विकत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; सिलिंडर, हेड, कार्ब्युरेटर, क्रँकची जोडणी आणि ब्रेक यांचा एकत्रित खर्च मांडला की तो सौदा महाग वाटत नाही.

स्पर्धेसाठी, बंदिस्त ट्रॅकवर, ज्या इंजिनाचे मूळ भाग आधीच गेलेले आहेत अशावर कोणी हा प्रयोग करणार असेल तर त्याला माझी हरकत नाही. पण तोही वेगळा सिलिंडर आणि वेगळे हेड घेऊन करावा, कारण एकदा काढलेला धातू परत येत नाही आणि भिंत फार पातळ झाली की स्लीव्ह बसवायलाही जागा उरत नाही. मूळ सिलिंडर तेल लावून, कापडात गुंडाळून, त्यावर शेवटचे माप लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावा.