काळी माती, तांबडी माती आणि पडद्यावरचं घर

आमच्या बेळगाव जिल्ह्यात घर कसं बांधायचं हे आधी पाऊस ठरवायचा, मालक मागाहून. कणकुंबी-जांबोटीकडे उतरती कौलं, पुढं पडवी आणि उंच जोतं. अथणीकडे पावसाची वाटच बघावी लागते, तिथं सपाट माळवद. आता दोन्हीकडे सारखाच स्लॅब दिसतो. मीही स्लॅबखालीच राहतो आणि एप्रिलमध्ये गच्चीवर झोपतो, त्यामुळं फार बोलायला तोंड नाही.

पण सिमेंटचा हिशेब बघावा लागतोच. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीच्या जळणाचा धूर वेगळाच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 7 ते 8 टक्के आहे. मातीच्या भिंतीला भट्टी लागत नाही.

मग 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात मातीची इतकी घरं का बसली? कच्च्या भिंतीत मातीचे कण चिकटून राहतात ते बरंचसं पाण्यामुळंच. कणांच्या फटींत पाण्याचे अगदी पातळ पापुद्रे असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच ओढीवर. फटी पाण्यानं पूर्ण भरल्या की ही ओढ नाहीशी होते आणि भिंतीचा चिखल होतो. म्हणजे माती मुळात कमजोर नसते. तिला तुंबलेलं पाणी सोसत नाही. उंच जोतं बांधणाऱ्यांना हे सूत्र म्हणून ठाऊक नव्हतं, अनुभवानं पक्कं ठाऊक होतं.

त्यात सगळी माती एक नव्हे. खानापूरकडची तांबडी, जांभ्याची माती पाणी पिऊन फारशी फुगत नाही. पूर्वेकडची काळी फुगते, वाळली की भेगाळते. तांबड्या मातीत वाळू बेताची असेल तर 5 ते 8 टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या विटा चांगल्या होतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ केंद्रानं यावर पुष्कळ काम केलं. काळ्या मातीला मात्र सिमेंटपेक्षा चुना मानवतो.

संगणकाचं काम इथून सुरू होतं. पडद्यावर घर उभं करायचं, भिंतीचे पातळ काप कल्पायचे आणि प्रत्येक कापातून तासातासाला किती उष्णता सरकते ते मोजायचं. दीड फुटी मातीच्या भिंतीत दुपारचा ताव आत पोचायला बारा तासांहून जास्त लागतात, तोवर बाहेर पहाट झालेली असते. झडीचंही गणित मांडता येतं. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं पडतो. वाराही तेवढाच, म्हणजे ताशी 23 किलोमीटर असला, तर सर 45 अंशांत तिरकी होते. मग तीन फुटांची वळचण भिंतीचा वरचा तीनच फूट भाग कोरडा ठेवते. पडवी ही केवळ गप्पांची जागा नव्हती, हे मला या आकड्यानं पटलं.

मात्र पडद्यावरचं घर आपण देऊ त्याच आकड्यांवर चालतं. बेळगाव शहराचा पाऊस घालून कणकुंबीचं घर तपासलं तर उत्तर सुबक येईल आणि चुकीचं येईल. मातीचंही तेच.

खानापूर तालुक्यात चुलतभावाचं घर बांधायचं चाललंय. म्हातारे गवंडीमामा मातीचा गोळा तळव्यावर दाबून म्हणाले, “ह्यात वाळू कमी हाय.” आम्ही तीन ठिकाणची माती तीन बाटल्यांत पाणी घालून हलवून ठेवली. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ त्यानंतर, चिकणमाती सगळ्यात शेवटी. थरांची उंची मोजली की प्रमाण कळतं, आणि ते मॉडेलमध्ये भरता येतं. दोन बाटल्या मामांच्या बाजूनं निघाल्या. तिसरी, ओढ्याकाठच्या मातीची, दुसऱ्या दिवशीही गढूळच होती. तिचा रकाना अजून रिकामा आहे.