मिलिटरी ट्रकचं स्केल मॉडेल

लष्करी ट्रकची ठरावीक प्रमाणात छोटी केलेली प्रतिकृती, बहुतेक वेळा प्लास्टिकच्या किटमधून जोडलेली. सगळ्यात जास्त चालणारं माप १:३५, त्याखालोखाल १:७२. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी ट्रक साडेसहा मीटरच्या आसपास लांब, म्हणजे १:३५ मध्ये साडेअठरा सेंटिमीटर आणि १:७२ मध्ये जेमतेम नऊ. १:३५ हा विचित्र आकडा जपानच्या तामिया या किट बनवणाऱ्या कंपनीमुळे रूढ झाला, त्यांच्या पँथर रणगाड्याच्या मॉडेलमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, त्यातून जे माप निघालं तेच पुढे बाकीच्यांनी धरलं.

लोक भाळतात रणगाड्यावर, पण ट्रक जास्त अवघड आहे राव. रणगाडा म्हणजे बंद डबा, ट्रकचं सगळं उघडं असतं, चेसिस, स्प्रिंगचे पाटे, शाफ्ट, केबिनमधले पेडल, हौद्याच्या फळ्या. सीसीकेडब्ल्यूला मागच्या जोडचाकांमुळे दहा टायर, आणि चेसिस केसभर जरी पिळली गेली तरी एक चाक हवेत राहतं, म्हणून गम सुकेपर्यंत ती काचेच्या तुकड्यावर वजन ठेवून दाबायची. किटमधली प्लास्टिकची ताडपत्री जाड पुठ्ठ्यासारखी दिसते, त्यापेक्षा टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून हौद्यावरच्या कमानींवर टाकला की सुरकुत्या आपोआप पडतात. ब्रेकचे पाइप, वायरी वगैरे किटच्या उरलेल्या प्लास्टिकच्या काड्या मेणबत्तीवर तापवून ताणल्या की होतात. फाळक्याच्या साखळ्या मात्र विकतच्या घ्या, त्यात कंजुषी केलेली लगेच कळते.

गोव्यात हे काम पावसाळ्यात रखडतं. जुलैत लॅकर स्प्रे मारला की हवेतल्या दमटपणाने रंगावर दुधाळ झाक येते, उलट सुपरग्लू इतका पटकन धरतो की भाग सरळ करायला वेळच मिळत नाही. त्यामुळे इथे जोडणी पावसात आणि रंगकाम दिवाळीनंतर, नरकासुर जाळून हात मोकळे झाले की.

रंगानंतर खरी मजा, म्हणजे गाडी जुनी करणं. आधी खोबणींत वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ काळपट रंग, मग स्पंजच्या तुकड्याने कडांवर रंग उडाल्यासारखे टवके, शेवटी धूळ. धुळीसाठी उसगाव-साखळीकडचे खाणीचे टिप्पर बघावेत, लाल माती मडगार्डच्या आत आणि पायरीवर थर धरते, टपावर नुसती झाक असते, आणि काचेवर वायपरचा अर्धगोल स्वच्छ. हेच नवखे उलटं करतात, सगळीकडे सारखी माती फासतात. दारातली खरी माती चहाच्या गाळणीने चाळून वापरणारेही आहेत, पण गणित बघा, अर्ध्या मिलिमीटरचा कण १:३५ मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा होतो, म्हणजे धूळ नाही, खडी! पिगमेंट पावडर, म्हणजे रंगाची कोरडी बारीक भुकटीच बरी. शिवाय आपला हा लाल रंग रशियाच्या चिखलात अडकलेल्या जर्मन ओपेल ब्लिट्झ ट्रकवर चढवला तर पार फसतो.

भारतीय गाड्यांमध्ये हात शिवशिवतात ते शक्तिमानसाठी, जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरच्या कारखान्यात बनलेला ट्रक. तो स्वतः घडवायचा तर फोटोंवरून मापं काढून प्लास्टिक शीट कापत बसायचं, आधी नाक, मग केबिन, मग हौदा. चाकं तेवढी दुसऱ्या किटमधली उचलतात, टायरची नक्षी हाताने कोरायला बसलं तर गणपतीची चवथ येईल तरी दुसरा टायर हातात घेतलेला नसेल.