विजेची गाडी, पण वीज कुठली?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर, खोपोली जेमतेम साठ मीटरवर. बोरघाट उतरताना पेट्रोलची गाडी ही सगळी उंची ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या ओढीत घालवते. विजेवर चालणाऱ्या गाडीत मात्र मोटरच उतारावर जनित्र होते. सतराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली आली की अडीच युनिट ऊर्जा सुटते. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वजा केला तरी एखादं युनिट हाती लागतं.

ते ठेवायचं कुठे, इथे विजेवरच्या तिन्ही गाड्यांचे, म्हणजे निव्वळ बॅटरीची, बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली प्लग-इन हायब्रिड आणि हायड्रोजनपासून वीज बनवणारी फ्युएल सेल गाडी यांचे, रस्ते वेगळे होतात. बॅटरीच्या गाडीत 30 ते 60 युनिटची जागा असते, प्लग-इन हायब्रिडमध्ये साधारण 10 ते 20. टोयोटाच्या मिराई या फ्युएल सेल गाडीत लिथियम बॅटरी आहे, पण जेमतेम सव्वा युनिटची. आधीच अर्धी भरलेली असेल तर घाट संपायच्या आत ती काठोकाठ भरेल. बॅटरी इतकी छोटी, कारण ती गाडी वीज साठवत नाही, लागेल तशी बनवते.

ही बनवण्याची तऱ्हा मोठी देखणी आहे. एका पातळ पडद्याच्या अलीकडे हायड्रोजन, पलीकडे हवा. प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा फक्त प्रोटॉनना वाट देतो, इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घालून जावं लागतं, आणि या वळशावरच मोटर फिरते. पलीकडे सगळ्यांची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी तयार होतं. एका सेलमधून एक व्होल्टसुद्धा मिळत नाही, म्हणून मिराईत असे 330 सेल एकावर एक रचलेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ऑक्टोबर 2020 मध्ये केपीआयटी या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने अशाच देशी सेलवरची प्रायोगिक गाडी चालवून पाहिली होती.

टाकी पाच मिनिटांत भरते, हा हायड्रोजनवाल्यांचा हुकमी एक्का. मिराईत 5.6 किलो हायड्रोजन मावतो, पण वातावरणाच्या सातशे पट दाबाखाली. इतक्या घाईने दाबून भरताना टाकी तापते, म्हणून वायू आधीच उणे 40 अंशांच्या आसपास थंड करतात. मग कधीकधी भरायची नळी बाष्पाने गोठून गाडीलाच चिकटून बसते. आणि पंप आहेतच कुठे? कॅलिफोर्नियासारख्या हौशी बाजारातसुद्धा शेलने 2024 मध्ये छोट्या गाड्यांसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले.

खरी मेख हिशोबात आहे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढून दाबून भरायचा तर 55 युनिटच्या आसपास वीज जाते आणि गाडी धावते शंभर-सव्वाशे किलोमीटर. तेवढ्याच विजेत बॅटरीची गाडी तीनशेच्या पुढे जाते. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण चंद्रपूर-कोराडीसारख्या वीजकेंद्रांत जळणारा कोळसा. म्हणजे शंभर किलोमीटरला बॅटरीची गाडी बारा किलोच्या घरात, पेट्रोलची पंधराच्या घरात, आणि याच विजेपासून काढलेल्या हायड्रोजनवरची तीस किलोच्या पार! धुराच्या नळीतून नुसतं पाणी गळतं, या कौतुकात ही गोष्ट झाकली जाते. हायड्रोजन वाईट नव्हे. अलिबागजवळ थळच्या खत कारखान्याला तो हवाच आहे, तिथे आज तो नैसर्गिक वायूपासून काढतात. स्वच्छ विजेवरचा हायड्रोजन आधी अशा ठिकाणी जावा, कारमध्ये नव्हे.

प्लग-इन हायब्रिड कागदावर सगळ्यात शहाणी: रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर, गावी जाताना पेट्रोलवर. पण माणूस प्लग लावतो का? युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या गाड्यांची प्रत्यक्ष आकडेवारी 2024 मध्ये मांडली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. केबल डिकीत आणि पाय पेट्रोलवर, शिवाय दोन्ही यंत्रणांचं ओझं. आपल्याकडे या गाड्या महागड्या परदेशी कंपन्यांच्याच, वर बॅटरीच्या गाडीला 5 टक्के जीएसटी तर या मोठ्या हायब्रिडना 40 टक्के. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड व्हिटारा यांना लोक याच माळेत ओवतात, पण त्यांना प्लगच नाही. त्या स्वतःची छोटी बॅटरी पेट्रोलवर आणि ब्रेकवरच भरतात.

तेव्हा सामान्य चालकाने शोरूममध्ये जायच्या आधी आपल्या पार्किंगमध्ये जाऊन यावं. रोजच्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट लागतात. 15 अँपिअरचा साधा पॉवर प्लग तासाला तीनेक युनिट देतो, म्हणजे रात्रीचे अडीच तास पुरले. फास्ट चार्जरची चर्चा ऐकून घाबरलेल्यांना हे कुणी सांगत नाही. गाडं अडतं ते सोसायटीत: वायर कोणत्या मीटरवरून ओढायची, मंजूर लोड पुरेल का, सभेत हरकत कोण घेणार. हे मिटलं तर मी डोळे झाकून बॅटरीची गाडी सुचवेन. आणि गाडी रोज गल्लीत जागा मिळेल तिथे लावावी लागत असेल, सार्वजनिक चार्जरवरच सगळी भिस्त असेल, तर तिथला दर घरच्यापेक्षा बराच चढा असतो आणि रांगेत वेळ जातो तो वेगळाच. अशा माणसाने सध्या साधी हायब्रिड किंवा सीएनजीच घ्यावी.