फ्रीलान्स ट्रेनर असलेल्या जिमचा विमा: अर्ज कुठे अडतो?

जिम, योगा किंवा झुंबा स्टुडिओसाठी लागते ती पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे बाहेरच्या माणसाला इजा झाल्यास भरपाईचा भार उचलणारा विमा, तोही नॉन-इंडस्ट्रियल (कारखान्याव्यतिरिक्तच्या जागांसाठीच्या) प्रकारातला. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायद्याखाली सक्तीची असलेली पॉलिसी वेगळी. ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. कोटेशन मागताना ‘नॉन-इंडस्ट्रियल’ हा शब्द लिहूनच द्या.

पॅन, भाडेकरार, जीएसटी असेल तर त्याचा क्रमांक, वार्षिक उलाढाल, जुनी पॉलिसी ही कागदपत्रं सगळ्यांकडे असतात. गुमास्त्यापाशी, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीपाशी, मात्र गाडी अडते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार छोट्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र मिळतच नाही, माहिती कळवल्याची ऑनलाइन पावती मिळते. तरीही विमा कंपनीच्या काउंटरवरून ‘लायसन्स आणा’ असं उत्तर येतं. त्यासाठी हेलपाटे घालू नका. पावती जोडा आणि सोबत तसं एक ओळीचं पत्र द्या.

खरा घोळ प्रपोजल फॉर्मवरच्या (विम्याच्या अर्जावरच्या) ‘कर्मचारी किती’ या प्रश्नावर होतो. मालक रिसेप्शनिस्ट आणि सफाईवाली मावशी धरून ‘२’ लिहितो. टक्केवारीवर येणारे पाच-सहा ट्रेनर त्याच्या हिशेबात पगारी नसतात, म्हणून कागदावरही नसतात. पुढे एखाद्या मेंबरच्या खांद्याला दुखापत झाली की कंपनी विचारते, हा ट्रेनर कोण? आणि माहिती दडवली, असा शेरा मारून दावा नाकारते. रकाना नसेल तर वेगळा कागद जोडा: ट्रेनरचं नाव, काय शिकवतो, आठवड्याचे तास, मानधन. पोच घ्यायला विसरू नका.

यातला कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे ट्रेनरशी केलेला लेखी करार. बहुतेकांचा करार व्हॉट्सॲपवर असतो: ‘६०-४०, सोमवारपासून ये’. पुरेशा मुद्रांकावर दोन पानं करून घ्या. त्यात काम, मोबदला, स्वतःचा विमा कोणी काढायचा आणि अपघात झाल्यास कोणी कळवायचं, एवढं हवंच. नुसतं ‘स्वतंत्र कंत्राटदार’ लिहून भागत नाही. वेळा तुम्ही ठरवता, गणवेश तुमचा, रजा तुम्हाला विचारून, असं असेल तर वाद झाल्यावर तो कर्मचारीच ठरू शकतो. ट्रेनरचं प्रमाणपत्र आणि सीपीआर कार्डही जोडा, पण आधी त्यांची मुदत बघा.

पॉलिसी स्टुडिओच्या नावावर असते. ट्रेनरची स्वतःची जबाबदारी तिच्यात आपोआप येत नाही. चुकीचा व्यायाम सांगितला, हा आरोप साध्या पब्लिक लायबिलिटीतून बहुधा वगळलेला असतो. त्यासाठी ट्रेनरची प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे व्यावसायिक चुकीसाठीचा विमा, लागतो. आणि ट्रेनरच पडला तर? ग्राहक म्हणून नाही, कर्मचारी म्हणूनही नाही, बिचारा मधेच लटकतो. त्याची अपघात पॉलिसी वेगळी काढायला लावा.

मुदतीचा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. अपघात पॉलिसी चालू असताना झाला म्हणजे झालं, असं नाही. आपल्याकडे ही पॉलिसी सहसा ‘क्लेम्स-मेड’ असते: घटना रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची (पॉलिसीवर लिहिलेली, जिच्या आधीच्या घटना कंपनी धरत नाही ती तारीख) हवी आणि मागणीही पॉलिसी चालू असतानाच यायला हवी. ग्राहक आयोगात तक्रार करायला जखमी माणसाला दोन वर्षं असतात. मधे नूतनीकरण चुकलं की जुनी तारीख जाते आणि आधीचे सगळे अपघात उघडे पडतात. मेंबर पडला की त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, वकिलाच्या नोटिशीची वाट बघू नका. नोटीस आलीच तर ‘चूक झाली, भरून देतो’ असं परस्पर लिहू नका. बहुतेक पॉलिसींत ते अटीविरुद्ध असतं. ‘दुखापतीस जिम जबाबदार नाही’ या सहीच्या फॉर्मवरही फार विसंबू नका. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तो फारसा वाचवत नाही.

प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटचं ‘उद्यापासून कव्हर आहे’ हे तोंडी वाक्य काही कामाचं नाही.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही. पण ही वाट प्रोप्रायटर आणि सूक्ष्म उद्योगांसाठीच आहे. म्हणून भागीदारी किंवा कंपनी असेल तर सूक्ष्म उद्योग असल्याचं दाखवणारी सरकारी उद्यम नोंदणी आजच करून ठेवा. तीही फुकट होते.