जुनं मॅन्युअल, नवं मॅन्युअल आणि पिस्तुलातली ‘मॅक्स’ पावडर

अमेरिकेत रीलोडिंग करणाऱ्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी केस घरी परत भरणाऱ्या लोकांत एक वाद काही केल्या संपत नाही. जुन्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे किती पावडर भरायची ते सांगणाऱ्या पुस्तकात, 9 एमएम किंवा .45 एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसांसाठी जी जास्तीत जास्त पावडर दिलेली असते ती नव्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा कमी झालेली दिसते, आणि मग कोणीतरी म्हणतंच की कंपन्या वकिलांना घाबरल्या म्हणून आकडे खाली आणले, आमचे वडील तर जुनेच लोड (पावडर-बुलेटचं तेच प्रमाण) आयुष्यभर वापरत होते. (आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट 1959 खाली लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे आणि 9 एमएम सामान्य माणसाला बंदच, त्यामुळे हा मामला तिकडचाच. तिकडे राहणारे आपले जे लोक रेंजवर जातात आणि स्वतः लोड भरतात त्यांनी मात्र हे नीट समजून घ्यायला हवं.)

सुरुवात थोडक्यात. 1884 मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची पावडर आली, 1898 ला बुल्सआय ही पिस्तुलाची पावडर, आणि मग काडतुसं: 1900 ला .38 एसीपी, 1902 ला 9 एमएम, आणि 1905 च्या सुमारास .45 एसीपी. बुल्सआय आजही विकली जाते. फार जलद जळते, अगदी थोडीशी पुरते, त्यामुळे केस बरीचशी रिकामीच राहते आणि चुकून दोनदा पावडर पडली तरी वरून पटकन लक्षात येत नाही. पिस्तुलात घरी भरलेल्या लोडने जे अपघात होतात त्यात हे कारण पहिल्यापासून आहे आणि ते कुठल्याही मॅन्युअलने सुटत नाही, ते फक्त प्रत्येक केसमध्ये डोकावून बघण्याने सुटतं.

1929 ला .38 सुपर आलं आणि खरा गोंधळ तिथून. केस तीच, .38 एसीपीचीच मापं, फक्त आत प्रेशर बरंच जास्त. म्हणजे नवं काडतूस जुन्या पिस्तुलात आरामात बसायचं आणि ते पिस्तूल त्यासाठी बनलेलंच नव्हतं. हे निस्तरायला काडतुसाच्या बुडावरच्या शिक्क्यावर ‘+पी’ यायला 1974 उजाडलं, 45 वर्षं! त्याच वेळी इतर काडतुसांच्या जास्त प्रेशरच्या आवृत्त्यांनाही हीच खूण मिळाली. आज 9 एमएमच्या प्रेशरची हद्द 35,000 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), +पीची 38,500. .45 एसीपी 21,000 आणि त्याचं +पी 23,000. आणि ‘+पी+’ म्हणजे काय, तर त्याला उद्योगाची ठरलेली हद्दच नाही, बनवणारा आणि घेणारा यांच्यात जे ठरेल ते, म्हणून ते घरी नक्कल करायची गोष्ट अजिबात नाही.

आता मूळ वाद. विसाव्या शतकाचा बराच काळ प्रेशर मोजायची पद्धत तांब्याची होती. टेस्ट बॅरलला भोक, त्यात पिस्टन, पिस्टनवर तांब्याचा छोटा दंडगोल, गोळी झाडली की दंडगोल दाबला जातो, तो किती आखडला हे मायक्रोमीटरने मोजायचं आणि तक्त्यावरून प्रेशर काढायचं. तांबं दबायला वेळ लागतो, म्हणजे क्षणभरच टिकणारा टोकदार उंचवटा त्यात पूर्ण उमटत नाही, आणि पिस्तुलाच्या जलद पावडरीत नेमका तसाच उंचवटा येतो. वर अजून एक, त्या काळी हे आकडे सरळ ‘पीएसआय’ म्हणूनच छापायचे. पुढे पिझो सेन्सर (दाबाचा थेट विजेचा संकेत देणारे) आले तेव्हा जुन्या मापाला सीयूपी (कॉपर युनिट्स ऑफ प्रेशर) असं वेगळं नाव दिलं. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं पीएसआय आणि आजचं पीएसआय हे नावाला एक असलं तरी एकच माप नाही. कोणी म्हणेल गुणून काढू, तर तेही जमत नाही. 9 एमएमची हद्द 33,000 सीयूपी आणि 35,000 पीएसआय, .45 ची 18,000 सीयूपी आणि 21,000 पीएसआय, पहिल्यात फरक साधारण 6 टक्के आणि दुसऱ्यात जवळपास 17. एका काडतुसाचं गणित दुसऱ्याला लागूच पडत नाही.

पिझोने दुसरी गोष्ट दाखवली ती म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत प्रेशर किती हलतं. सरासरी ठीक दिसणारा लोड मधूनच उसळी मारतो हे कळल्यावर मॅक्सिमम खाली आणणं भागच होतं. शिवाय जुन्या मॅन्युअलमधले काही आकडे प्रेशर बॅरलमध्ये मोजलेलेच नव्हते, नेहमीच्या पिस्तुलातून झाडायचं, प्रायमर (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) चपटा झाला का, केस फुगली का बघायचं आणि ठरवायचं. पिस्तुलात ही लक्षणं फार उशिरा दिसतात, कधी दिसतही नाहीत. 1970 चं एक मॅन्युअल तर त्यातल्या गरम, म्हणजे फार जास्त प्रेशरच्या लोडसाठी आजही बदनाम आहे. वकिलांचा दबाव अजिबात नसेल असं माझं म्हणणं नाही, पण सगळं श्रेय त्यांना देणं म्हणजे ज्यांनी खरोखर मोजलं त्यांच्यावर अन्याय आहे.

बुलेट किती आत बसवली हा मुद्दा तर जुन्या चर्चेत फारसा यायचाच नाही. एका मॅन्युअलमध्ये 9 एमएमचा प्रयोग दिलाय, पावडर तीच, बुलेट फक्त 0.030 इंच जास्त आत, आणि 28,000 सीयूपीचं प्रेशर 62,000 वर! आणि सेमी-ऑटोमध्ये (प्रत्येक शॉटनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात) एकच राउंड परत परत बॅरलच्या चेंबरमध्ये भरला की बुलेट आपोआप आत सरकू शकते. म्हणून पावडरीचा आकडा हा त्या बुलेटसकट, त्या लांबीसकट वाचायचा असतो, एकटा नाही.

1980 च्या दशकात नेमबाजीच्या स्पर्धांनी हे सगळं ताणलं. ‘मेजर’ या जास्त ताकदीच्या वर्गाला अमेरिकेत पॉवर फॅक्टर (बुलेटचं वजन गुणिले वेग, भागिले हजार) 175 लागायचा, म्हणजे 115 ग्रेन वजनाची बुलेट साधारण 1,520 फूट प्रति सेकंद पळवायची, आणि लोक ते .38 सुपरमध्ये करत होते. ‘1911’ नावाच्या पिस्तुलाच्या जुन्या बॅरलमध्ये रॅम्पपाशी (काडतूस आत सरकतं त्या उतारापाशी) केसच्या बुडाला आधार नसतो, तिथे केस फुटायची आणि गरम गॅस नेमबाजाच्या चेहऱ्यावर. त्याला नावच पडलं ‘सुपर फेस’. मग पूर्ण आधार देणारी रॅम्प्ड बॅरल्स आली, पुढे मेजरची पॉवर फॅक्टरची अटही 165 वर आली, तरी त्या काळातले लोड अजून वह्यांमधून फिरतात आणि कोणत्या बॅरलसाठी होते ते मात्र सोबत लिहिलेलं नसतं.

दुसरं टोकही लक्षात ठेवायला हवं. रिव्हॉल्वरमध्ये लोड हलका झाला तरी सिलिंडर बोटानेच फिरतो, सेमी-ऑटोमध्ये स्लाइड पूर्ण मागे गेली नाही तर केस अडकते, आणि फारच कमी पावडरीने बुलेट बॅरलमध्ये रुतली तर पुढचा शॉट घातक. त्यामुळे मॅक्सच्या 10 टक्के खालून सुरू करून थोडं थोडं वर जायचं ही जी पद्धत रुळली ती दोन्हीकडून सांभाळते, अर्थात जिथे डेटामध्ये सुरुवातीचा लोड वेगळा दिलाय तिथे तोच पाळायचा.

2020 नंतर अमेरिकेत प्रायमर आणि पावडर दोन्हींची टंचाई झाली, लोक मिळेल ती पावडर घेऊ लागले आणि माळ्यावरची जुनी पुस्तकं परत खाली आली. तेव्हाच अनेकांना कळलं की एचपी-38 आणि विंचेस्टर 231 ही एकच पावडर आहे, फक्त डबे दोन. जुन्या तक्त्यांत तिच्याच मॅक्सचे आकडे वेगवेगळे सापडतात, कारण मोजणारे वेगळे, बॅरल वेगळं, बुलेट वेगळी. म्हणून आज ती भरायची असेल तर बनवणाऱ्याचा चालू डेटा, आणि त्यातही आपल्या हातात जी बुलेट आहे तिचीच ओळ.